दुसऱ्याच्या बैलाचे दात

परत आल्यापासून मोर्शीच्या बसस्टँडवर उतरलो की कोणी ना कोणी अडवतंच. "काय बे विलास, वर्षभर आफ्रिकेत होता म्हने! किती गोळ्या झाडल्या?" मी खरं सांगतो, एकही नाही. मग समोरच्याचं तोंड उतरतं. सरकारनं विमानानं नेलं, डोक्यावर निळी टोपी घातली, हातात बंदूक दिली, आणि हा गडी तिथं काय माशा मारून आला? माशा मारल्याच. पण हल्ला म्हणावा असा एक प्रकारही माझ्या हातून झाला, आणि तो एका बैलाच्या तोंडावर झाला. त्या एका आगाऊपणापायी एका भल्या माणसाची सगळी गुरं मरायची वेळ आली होती. ते नीट सांगावं म्हणून लिहायला बसलो.

छावणी

देश दक्षिण सुदान. आमची पलटण तिथं शांतिसेनेत गेली होती. मी हवालदार, म्हणजे दहा-बारा जवानांचं पाहणारा. छोट्या विमानातून शेवटच्या धावपट्टीवर उतरलो तेव्हा सगळे "गर्मी, गर्मी" करत होते. अकोल्याचा मे महिना अंगावर काढलेल्या माणसाला गर्मीचं काय सांगता? मी मात्र खाली पाहत राहिलो. जमीन काळीभोर, आणि तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा. मी एक ढेकूळ उचललं, फोडलं, बोटांत चोळलं.

रोहतकचा नाईक रणबीर, माझ्याच तुकडीतला, म्हणाला, "भाई, खाने का इरादा है क्या?"

"अबे, ही आमची माती आहे," मी म्हटलं. "सेम टू सेम. पाऊस पडू दे, मग पाह्यजो. इथून बैलगाडीसुद्धा जाणार नाही."

पहिल्याच दिवशी असं ज्ञान पाजळल्यामुळे माझं नाव 'मिट्टीवाला' पडलं, ते वर्षभर सुटलं नाही.

आमचा दिवस असा: पाच वाजता उठणं, दौड, हजेरी. हजेरीत मलेरियाची गोळी सगळ्यांसमोर गिळायची, कारण कडू म्हणून खिशात टाकणारे महाभाग प्रत्येक पलटणीत असतात. मग कोणी टेहळणीच्या मचाणावर, कोणी पाण्याच्या टँकरबरोबर, कोणी गस्तीला. उरलेल्यांनी वाळूची पोती भरायची. ती भरून संपत नाहीत, कारण जुनी उन्हानं फाटतात. दुपारी साडेचारला वायफायच्या खोलीसमोर रांग, कारण तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि घरचे जेवून मोकळे झालेले असतात. रांगेत उभं राहून दहा भाषांमधले तेच दोन प्रश्न ऐकू येतात. जेवला का? आणि तब्येत कशी आहे?

जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पोळी आणि भात, भात आणि पोळी. महिनाभरात माझा जीव भाकरीसाठी कासावीस झाला. आणि गंमत पाहा, आजूबाजूला सगळीकडं ज्वारीच! लालसर दाण्याची, दोन पुरुष उंचीच्या ताटांची. आमच्या दुभाषी अचोलबाई. सहा फुटांच्या, तीन लेकरांची आई, केनियात शिकलेल्या, हसल्या की सगळी गाडी हलायची. त्यांनी मावशीकडून पाट्यावर दळलेलं पीठ आणून दिलं. मी लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, परात मागून घेतली आणि थापायला बसलो. पीठ जाडं, पहिल्या तीन भाकरी तव्यावर पडताच त्यांचा नकाशा झाला. चौथी जमली. हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला. रणबीरनं दोन घासात डोळ्यांतून पाणी काढलं. अचोलबाईंनी एक तुकडा चावला, विचार केला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "जळलं तुझं." त्यांच्याकडे ज्वारी दुधात शिजवून गोळा करून खातात, आपल्या कण्यांसारखी. तव्यावर डाग पडलेली ज्वारी म्हणजे त्यांच्या मते वाया गेलेली ज्वारी.

आता इथून पुढं बोलणारी माणसं तिथली आहेत. अचोलबाई ते इंग्रजीत सांगायच्या, आणि माझ्या डोक्यात ते आपोआप वऱ्हाडीत उतरायचं. तसंच लिहितो. त्यांची हरकत नसावी.

गुरांचा तळ

आमच्या पलटणीबरोबर गुरांचे एक डॉक्टर साहेब होते, हिमाचलचे मेजर, शांत माणूस. त्या भागात पावसाळा लागला की घटसर्प येतो. आपल्याकडचे शेतकरी ओळखतात हा रोग: गळा सुजतो, घरघर लागते, सकाळी चरायला गेलेलं जनावर संध्याकाळी आडवं. आपल्याकडे पावसाआधी इंजेक्शन देतात, तिथं देणारं कोणी नव्हतं. आदल्या पावसाळ्यात गोठेच्या गोठे रिकामे झाले होते. डॉक्टर साहेब दोन महिने तळातळावर जाऊन, जमिनीवर बसून, ताक पिऊन समजावत होते. शेवटी देंग नावाच्या माणसाचा तळ राजी झाला. बाकीचे म्हणाले, देंगनं गुरं आणली तर आम्ही आणू. सगळी गोष्ट त्या एका माणसावर येऊन थांबली, आणि आठवडाभरात तो तळ उंचावरच्या कुरणाकडे हलणार होता. त्यानंतर पाऊस, आणि पावसात आमची एकही गाडी चार हात जाणार नव्हती.

इंजेक्शनच्या आदल्या दिवशी शेवटचं बोलणं करायला आमची गस्त तळावर गेली. मी पहिल्यांदाच जात होतो. काय दृश्य सांगू! जिथवर नजर जाईल तिथवर खुंट्याला बांधलेली गुरं, मधूनमधून शेणाच्या धुन्या, धुराचा निळा थर, आणि राख फासलेली उंच माणसं. राख डासांसाठी, गुरांनाही तीच. आणि शिंगं! एकेक शिंग माझ्या हाताएवढं, वरच्या टोकाला गोंडे बांधलेले. मी शेतकऱ्याचा पोरगा. आमच्या घरी अजून जोडी आहे, सर्ज्या आणि पवळ्या. मला तिथं गेल्यावर हातात बंदूक आहे याचाच विसर पडला.

आणि मग तो दिसला. तांबूस, ताशीव अंगाचा, वशिंड लहान पण मान अशी की पाहत राहावं. डॉक्टर साहेब आणि अचोलबाई म्हाताऱ्यांशी बोलत होते. मी हळूच सरकलो. पाठीवर थाप मारली, शेपटी उचलून पाहिली, खुरं पाहिली. आणि माझा हात, देवाशपथ माझ्या डोक्याला न विचारता, त्याच्या तोंडात गेला. ओठ वर केला, वय कळावं म्हणून दात मोजले.

"सहादाती!" मी मोठ्यानं म्हटलं. "वा रे पठ्ठ्या!"

मागं वळलो तर काठी घेतलेला एक साडेसहा फुटी माणूस उभा. तोच देंग, आणि बैल त्याचाच, नाव मालुआल. पुढं कळलं की त्या लोकांत तरुण माणसाला त्याच्या आवडत्या बैलाच्या नावानंच हाक मारतात. तो बैल बापानं दिलेला असतो, त्याच्यावर गाणी रचलेली असतात. मी बैलाच्या नव्हे, त्या माणसाच्याच तोंडात हात घातला होता.

इथं गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण आमचं तोंड गप्प बसेल तर आम्ही वऱ्हाडातले कशाचे! वातावरण हलकं करावं म्हणून मी हसत इंग्रजीत विचारलं, जसं आपण कोणाच्याही वाड्यावर गेल्यावर विचारतो, "किती जनावरं आहेत तुमच्याकडे?"

अचोलबाईंनी भाषांतर केलं नाही. कपाळावर हात मारला. पण शेजारच्या एकाला तेवढं इंग्रजी येत होतं. तिथं गुरं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते. आणि त्या मुलखात गुरं पळवण्यावरून माणसं मरतात. दात पाहणारा आणि आकडा विचारणारा परका माणूस तिथं एकाच कामासाठी येतो.

देंग एवढंच म्हणाला, "आधी दात पायतात. मंग मोजतात. मंग टोचून निशानी करतात. मंग नेतात. समजलं मले."

"भाई," परतताना गाडीत रणबीर म्हणाला, "हमारे यहाँ भी बिना पूछे कोई भैंस का मुँह नहीं खोलता." मला बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गुरं अडकवून टोचायचा लाकडी खोडा तयार होता, सुया उकळून ठेवलेल्या, बर्फाच्या पेटीत लस. नऊ वाजले, अकरा वाजले. एक शेळीसुद्धा आली नाही. डॉक्टर साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. पेटीचं झाकण उघडून बर्फ किती उरला ते पाहिलं आणि परत लावलं. त्यापेक्षा दोन कानाखाली मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कंपनी कमांडर साहेबांनी मात्र हातचं राखलं नाही, आणि माझी गस्त बंद करून मला वाळूच्या पोत्यांवर बसवलं.

पोती भरताना क्षितिजावर ढग दिसायला लागले. त्या दिवसांत मला फक्त एकच दिसायचं: मालुआलचा गळा सुजलाय, आणि देंग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय. मी हे पाहिलेलं आहे. सर्ज्याच्या आधीचा आमचा बैल असाच गेला, मी सातवीत होतो, आणि बाबा दोन दिवस जेवले नव्हते. लाज वाटत होती, आणि भीतीही.

साडेचारची रांग

पोत्यांवर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी फोन लावला, तो बाबांनीच उचलला. मी सगळं सांगितलं.

"कावून रे," बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या बैलाच्या तोंडात हात घालाले तुले पलटनीत शिकवलं का?"

"चुकलं बाबा."

"बाजारात घेनारा दात पायते. घ्याचा नाई तं पायाचे नाई. येवढं तं आपल्या गावातल्या पोट्ट्याले बी समजते. तू त्या मानसाले गिऱ्हाईक वाटला असशीन, नाई तं चोर."

"आता काय करू? मालक तर तोंड पाहायला तयार नाही माझं."

"मालकाचं मंग पाय. आधी बैलाले आवतन दे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्याच्या कानाशी जाऊन आवतन, म्हणजे जेवायचं बोलावणं, देतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं त्याची ती माफी असते. बाबांच्या लेखी बैल मुलुख ओळखत नाही, आवतन ओळखतो. फोन ठेवला तेव्हा मला ते अगदीच भाबडं वाटलं. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

डॉक्टर साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लस परसों तक चलेगी. कर ले." कमांडर साहेबांकडून एका तासाची परवानगी त्यांनीच मिळवली. लंगरमधून वाटीभर तूप आणि मूठभर हळद घेतली. स्वयंपाक्यानं विचारलं कशाला, तर म्हटलं पाहुण्याला.

खांदमळणी

दुसऱ्या दिवशी तळाच्या कडेला मी बंदूक रणबीरकडे दिली, टोपी काढली आणि वाटी घेऊन उभा राहिलो. अचोलबाई पुढं गेल्या. देंग बैलाशेजारी बसून राख चोळत होता. त्यानं वर पाहिलंच नाही.

"सांगा त्याला," मी म्हटलं, "मी विचारल्याशिवाय हात लावला, चुकलो. बैलाची माफी मागायची आहे. मालक हो म्हणाला तरच हात लावीन."

देंगनं बराच वेळ वाटीकडे पाहिलं. बोट बुडवून वास घेतला, चाखलं. मग थोडा बाजूला सरकला.

मी गुडघ्यावर बसलो आणि मालुआलचे खांदे चोळायला लागलो. आणि चोळता चोळता हाताला लागलं की इथं घट्टाच नाही! सर्ज्या-पवळ्याच्या खांद्यावर जुवानं कातडं कसं टणक झालेलं असतं. ह्याचं मऊ लुसलुशीत, वासराचं असावं तसं.

देंगनं विचारलं, "खांदेच कावून?"

मी सांगितलं, आमचा बैल नांगर ओढतो, वखर ओढतो, गाडी ओढतो, म्हणून खांदे दुखतात, म्हणून वर्षातून एकदा चोळतो.

अचोलबाई सांगता सांगता स्वतःच थांबल्या. "खरंच?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पुरं भाषांतर केलं. देंग ताडकन उभा राहिला.

"बैलाले कामाले लावता? बैलाले?"

"हो ना."

"मंग तुमी मानसं काय करता?"

तोवर आजूबाजूची माणसं जमली. देंगनं त्यांना सांगितलं. एक म्हातारी तोंडावर हात घेऊन "च् च् च्" करायला लागली. मग कोणीतरी वाकून, खांद्यावर काल्पनिक जू घेऊन, जीभ बाहेर काढून चार पावलं चालून दाखवलं, आणि सगळा तळ हसायला लागला. अचोलबाई तर खाली बसल्या. देंगही हसला. माझ्याकडे त्यानं पाहिलं ते आता रागानं नव्हतं. कीव होती ती. ज्यांच्याकडे बैलाला जुंपतात, त्यांच्या माणसाला बैलाच्या तोंडात हात घालू नये एवढी रीत कुठून असणार, असंच त्याला वाटलं असावं. आयुष्यात कोणी माझी इतकी कीव केली नव्हती, आणि मला इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

"तुया बैलाचं गानं म्हन," देंग म्हणाला. तिथं प्रत्येकाला आपल्या बैलाचं गाणं येतं. मला कुठलं येणार? मग आठवलं, पोळ्याच्या तोरणाखाली आमच्याकडे झडत्या म्हणतात, एकानं ओरडून म्हणायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. जुनी एकही धड आठवेना, म्हणून तिथल्या तिथं जुळवली:

"सर्ज्या माझा काळा, पवळ्या माझा गोरा,
बाप माझा ओरडते, हाकल ना रे पोरा!
मोर्शीहून आलो मी, पाह्याले लाल राजा,
तोंडात घातला हात, गुन्हा झाला माझा!"

अर्थ कळला नाही कोणाला, पण शेवटच्या आरोळीला सगळ्यांनी आवाज दिला. रणबीरनं तर बंदुका सांभाळत सगळ्यात मोठ्यानं दिला.

मग मी मालुआलच्या कानाशी गेलो. "आज आवतन घे," मी म्हटलं, "उद्या आमच्याकडे ये. डॉक्टर साहेब वाट पाहून राहिले." देंगनं अचोलबाईंना विचारलं, हा काय बोलला? त्यांनी सांगितलं. तो परत राख चोळायला बसला, आणि आमचा तास संपला.

खोडा

सकाळी सहाला मी खोड्याजवळ उभा होतो, कोणी उभं राहा म्हटलं नव्हतं तरी. साडेसहाला धूळ दिसली. सगळ्यात पुढं मालुआल, शिंगांना नवे गोंडे, खांदे अजून पिवळे. शेजारी देंग. मागं गुरांचा लोट, शेवट दिसेना.

देंग डॉक्टर साहेबांना म्हणाला, "आवतन याले होतं. मी निस्ता सोबत आलो."

पहिली सुई मालुआलला. त्यानं कान हलवला, बस. मग दिवसभर आम्ही सगळे राख, शेण आणि घामानं माखलो. दुसऱ्या तळांचीही माणसं आली, कारण त्यांनी लांबून पाहिलं होतं. बर्फ संपता संपता लस संपली. चौथ्या दिवशी पाऊस पडला. रस्त्याचं काय झालं ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं.

पावसाळाभर आम्ही छावणीत अडकून पडलो. चिखल, डास, पत्ते, आणि परत पोती. तळाकडून काही खबर नाही. सुई वेळेवर लागली होती का? लस बिघडली तर नव्हती? डॉक्टर साहेबही विचारात असायचे, आणि आम्ही दोघं त्या विषयावर एकमेकांशी बोलायचं टाळायचो.

फाटक

निघायला चार दिवस होते. रस्ते नुकतेच वाळले होते. मचाणावरच्या जवानानं हाक मारली, मिट्टीवाला, तुम्हारा मेहमान. फाटकाबाहेर देंग उभा होता, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला, दोन दिवस चालून आलेला. सोबत मालुआल नव्हता. त्याच्या दोरीला एक तांबूस-पांढरं वासरू होतं.

मी अचोलबाईंना म्हटलं, विचारा हो त्याला, मालुआल कुठं आहे?

"मालुआल चरते," देंग म्हणाला. "त्याले कायले चालवू येवढं? तो काय तुमचा बैल हाय?" मग म्हणाला, "औंदा पानी आलं, पन आमच्या धुनीपाशी कोनी रडलं नाई. एक बी गाय त्या रोगानं गेली नाई."

डॉक्टर साहेब माझ्या मागं उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मी तर सरळ रडलो, लपवत नाही. रणबीरनं माझ्या पाठीवर थाप मारली ती अजून दुखते.

देंगनं वासराची दोरी माझ्या हातात दिली. पावसात जन्मलेलं गोऱ्हं. "हे तुयं. याचं नाव मोर्शी ठेवलं. तुया गावाचं." मी वासराच्या कपाळावर हात फिरवला. मग सांगितलं की विमानात जनावर नेता येत नाही, आणि दोरी परत देंगच्या हातात दिली.

देंग हसला. "नेऊ नको. मी देनारच नव्हतो न्याले. तिकडं नेशीन अन् नांगराले जुंपशीन. तुयाच हाय, पन इथं राह्यन. मोठा झाला की त्याचं गानं मी म्हनीन."

घरी आलो तेव्हा बाबांना पहिलं हेच सांगितलं, की आफ्रिकेत आपला एक बैल आहे. बाबांनी विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, देखणा आहे. काय करते? काही नाही करत बाबा, दिवसभर चरते, अन् संध्याकाळी लोक त्याले गाणं म्हणून दाखवतात.

बाबांनी गोठ्यातल्या सर्ज्याकडे पाहिलं. मग उठले, घरात गेले आणि हळद-तुपाची वाटी घेऊन आले. पोळ्याला अजून आठ महिने होते.